नारोपंतांची जीभ

नारोपंतांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला की त्या घरातली बाई धसकून दाराआड उभी राही. पंत एक घोट तोंडात घेत, डोळे मिटत, घोट या गालातून त्या गालात नेत. ओसरीवरच्या माणसांचे बोलणे आपोआप थांबे. मग ते अंगणात जाऊन, तुळशीपासून लांब, तो घोट थुंकत आणि परत येऊन सांगत, "मचूळ." किंवा, "तुरट. विहिरीत लिंबाचा पाला पडते तुमच्या." किंवा, सगळ्यांत वाईट म्हणजे, "लबाड." लबाड पाणी म्हणजे आधी जिभेला गोड लागते आणि गिळताना खारे होते ते. पंतांनी ज्या घरचे पाणी लबाड ठरवले त्या घरच्या मुलांची लग्ने अडतात, असे अमरावतीत लोक म्हणत.

हे त्यांचे वेड नव्हते, नोकरी होती. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेस जायचा थांबला आणि सगळ्या जगाला एकाएकी वऱ्हाड आठवले. आमच्या बाजारात कापसाच्या गाड्यांतून वाट काढणे मुश्कील झाले. काल चिंध्या नेसणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. सरकारलाही घाई झाली. आगगाडीची सडक अकोल्यावरून बडनेऱ्याकडे यायची होती. तिच्या काठाने रुईचे गठ्ठे दाबण्याची वाफेची यंत्रे कोठे बसवता येतील, याची पाहणी निघाली. वाफेच्या यंत्राला गोडे पाणी लागते. खारे पाणी घातले तर आतून थर धरतो आणि यंत्र बसते. आणि पूर्णेकाठचा आमचा मुलूख खारपाणाचा. वर काळी जमीन सोन्यासारखी, खाली विहीर खणावी तर मीठ.

पाहणीच्या साहेबाजवळ पाणी तपासायचे औषध होते. त्याची बाटली बडनेऱ्याच्या वाटेवर गाडीत फुटली. दुसरी मुंबईहून येईपर्यंत पंतांच्या जिभेवर काम भागवायचे ठरले. दुसरी बाटली काही आली नाही, आणि तोवर साहेबाला जिभेची सवय झाली. त्याला स्वतः चाखून पाहता आले असते, पण तो आपल्या विलायती बाटलीतल्याखेरीज दुसरे काही तोंडाला लावत नसे.

मी पंतांचा लेखनिक. ते चाखीत, मी लिहीत असे. माझे घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी. पुण्यामुंबईहून येणारी निबंधांची चोपडी वाचून मी वाढलो, आणि जातिभेद, बालविवाह, सरकारी जुलूम या प्रत्येकावर माझा एकेक निबंध तयार होता. पंतांनी त्यांतला एक वाचला आणि त्या दिवसापासून माझे नावच टाकले. "काय निबंध, उठला का?" अशी त्यांची सकाळची हाक असे.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता. कोणी काहीही विचारो, पंत म्हणत, "चैत्रात विचारा." कापसाचा भाव टिकेल का? चैत्रात विचारा. एका आडत्याने नव्या पैशावर दुमजली घर बांधले आणि वास्तुशांतीला पंतांना मुद्दाम बोलावून विहीर दाखवली. कार्तिक महिना होता, विहीर काठोकाठ भरलेली. आडत्या म्हणाला, "पंत, चाखा तर. अमृत आहे अमृत." पंतांनी विहिरीत डोकावून पाहिले आणि पोहरा परत केला. "कार्तिकात गटारही गोड लागते. चैत्रात येतो." आडत्याने त्यांना जेवायला थांबा म्हटले नाही. माझा जातिभेदावरचा निबंध छापायला धाडू का, असे मी विचारले, तेव्हाही उत्तर तेच आले. सुधारणेला ऋतू कसला, म्हणून मी तावातावाने वाद घातला. ते म्हणाले, "निबंधा, पाऊस पडून गेल्यावर समदेच उदार असतात. टंचाईत कोण कोणाले पाणी देते ते पाहून छाप."

साहेबाला पाहणी थंडीत उरकायची होती. पंतांनी थंडीत एकही निकाल दिला नाही. कधी पडसे झाले, कधी ग्रहण आले, कधी तोंड आले. अखेर चैत्र उजाडला आणि उन्हात तंबू ठोकून साहेब लाल गाजरासारखा होऊन पडला. पंत मात्र टवटवीत. डोक्याला ओला पंचा बांधून ते गावोगावच्या विहिरी चाखत हिंडू लागले.

सगळ्याच विहिरी. पाटलाची, देवळातली, कुणब्याची आणि महारवाड्यातली. यावरून अमरावतीत सभा बसली. शास्त्र्यांनी विचारले, "नारोपंत, तुम्ही महारांच्या विहिरीचे पाणी प्यालात?"

"प्यालो नाही. थुंकलो."

"पण तोंडात घेतलेत."

"सरकारच्या हुकमाने घेतले, माझ्या हुकमाने थुंकले. आता तुमीच सांगा, बाटलो मी की सरकार?"

मी मागे उभा होतो. मला वाटले, हा माणूस आता सभेला दोन शब्द सुनावील. काही नाही. प्रायश्चित्त ठरले, ते त्यांनी मुकाट्याने घेतले. पंचगव्याचा घोट मात्र सवयीप्रमाणे गालात फिरवला आणि डोळे उघडून म्हणाले, "खारट. गाय पूर्णेकाठची आहे." शास्त्रीबुवांना हसू आवरले नाही आणि त्या हसण्यातच सभा मोडली. वाटेत मी म्हणालो, "पंत, तुम्ही थोर सुधारक आहात." ते रागावले. "मी सुधारक नाही. मी पाहणी करून राहिलो. उगा मले निबंधात कोंबू नको."

टाकळीला आमचा तळ पडला तेव्हा मला या माणसाची दुसरी बाजू दिसली.

टाकळी हे खारपाणातले गाव. जागा उंच, सडक जवळून जाणार, दोन्ही अंगांनी कापूस येणार. साहेबाला ती जागा फार आवडली होती. आणि त्या गावच्या कुळकर्ण्यांच्या घरी पंतांची एकुलती एक मुलगी दिली होती. नाव सरू. पंतांची बायको मुलगी लहान असतानाच वारलेली, तेव्हा पंतांनी तिला स्वतःच वाढवले आणि स्थळही स्वतःच पाहिले. म्हणजे काय पाहिले, तर घर नाही, शेत नाही, मुलाची पत्रिकासुद्धा धड नाही. विहीर पाहिली. पाणी चाखले. गोड होते. लग्न ठरवून आले.

ते दिवस कार्तिकाचे होते.

आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचे अन्न खात नाही, पाणीही पीत नाही. त्यामुळे जिल्ह्यातली विहीर न् विहीर चाखणाऱ्या या माणसाने लग्नानंतर आपल्या मुलीच्या घरचा एक घोट घेतला नव्हता. सासरचे पाणी वाईट आहे, असे मुलगी सांगत नसते. पहिल्या उन्हाळ्यात सरू माहेरी आली आणि माठापाशी बसून तांब्यावर तांबे पीत सुटली. पंत ओसरीवरून म्हणाले, "अगं, हळू. तहान पळून नाही जात." ती म्हणाली, "बाबा, इथलं पाणी किती हलकं आहे हो."

हे मला पंतांनीच सांगितले, एका लिंबाखाली बसून, अगदी निकाल द्यावा तसे. "तवा कळलं. तिच्या घरची विहीर फाल्गुनात फिरते. लबाड आहे. मी चाखली अन् मले कळलं नाही." त्यानंतर सरूला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा वाया गेले. वैद्य म्हणाला, पाणी मानवत नाही. मूल नाही म्हणून पंतांना त्या घरचे पाणी नाही, आणि ते पाणी तसे म्हणून मूल नाही. या फेऱ्यात तो माणूस अडकला होता, आणि वर साऱ्या गावाला चैत्राचा उपदेश करीत होता.

टाकळीत चैत्रातही गोड राहणारी एकच विहीर होती. ती महारवाड्यात. सारे गाव खारे पाणी पिऊन पोट धरून बसे, पण त्या वाटेला जात नसे. विहिरीवर बायजा नावाची एक म्हातारी असे. ती पंतांसाठी पाणी शेंदी, वरून त्यांच्या ओंजळीत ओती आणि बोलून घेई.

"पंत, रोज रोज काय चाखता? कालच्यापक्षा येगळं झालं का?"

"पाहणी आहे माय, पुन्हापुन्हा करा लागते."

"मंग घागर काहून भरून नेता? तेवढी चाखाले जीभ हाये का बैलाची?"

ती घागर हे पंतांचे गुपित. ते घागरीच्या तोंडाला फडके बांधत, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवत, फडक्याची एक कड सरूसाठी सैल ठेवत आणि कुळकर्ण्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवत. व्याह्यांना सांगत, "सरकारी नमुना आहे. डोंगराकडचं पाणी. तुमच्या घरात गारवा आहे, इथं आठ दिवस निवू द्या. कोणी हात लावू नका. सरूले लक्ष ठेवाले सांगा." सरकारी मोहोर पाहून कुळकर्णी चार हात दूर राहत. आठ दिवसांनी पंत नवी घागर आणत आणि जुनी नेत. एकदा व्याह्यांनी विचारले, "पंत, नमुना बराच हलका झाला हो?" पंत म्हणाले, "उन्हाळा आहे. आटते."

सरू दाराशी उभी असे. काळीसावळी, बापासारखेच मोठे कपाळ, डोळे खोल गेलेले. आठ आठ दिवसांनी तिच्या ओठांच्या भेगा कमी होताना मी पाहिल्या आहेत.

मग एके दिवशी साहेबाने पंतांना तंबूत बोलावले. मी कागद घेऊन बरोबर गेलो. साहेब खाटेवर पडून होता, कपाळावर ओले फडके. जागा पसंत असल्याचे त्याने सांगितले. फक्त पाण्याचा निकाल यायचा होता. महारवाड्यातली विहीर गोडी असेल तर तिला कुंपण घालायचे, पहारा बसवायचा, यंत्र तिथेच उभे करायचे.

मी विचारले, "आणि महार लोक?"

"नदी आहे," साहेब म्हणाला.

चैत्रातली नदी त्याने पाहिली नव्हती. तंबूतून ती दिसत नसे.

मग तो पंतांकडे वळला. पंतांची मुलगी गावात आहे, हे त्याच्या कानावर गेले होते. तो माणूस मनाचा वाईट नव्हता. म्हणाला, एकदा विहीर सरकारी झाली की तिच्यावर ब्राह्मण पाणक्या नेमू, कुळकर्ण्यांच्या घरी रोज पाणी पोचेल. मग कोणाची अडचण राहणार नाही. हे त्याने आमची गैरसोय दूर केल्याच्या आनंदात सांगितले.

मी आजवर जुलमावर पुष्कळ लिहिले होते. पण जुलूम असा खाटेवर पडून, ताप अंगात असताना, गोड बोलून करता येतो, हे मला तेव्हा प्रथम दिसले. सरकारने सवाल एकच घातला होता, येथे यंत्र चालेल काय? येथली माणसे काय पितील, हा सवाल पाहणीत नव्हताच. आणि तेच पाणी, त्याच विहिरीचे, कुंपण पडताच शुद्ध होणार होते. आमच्या शास्त्र्यांना जे साधले नाही ते चार खांब आणि एक पहारेकरी साधणार होते, फक्त विहिरीच्या मालकांना हाकलून.

तंबूतून निघालो तो पंत नीट महारवाड्याकडे चालू लागले. बायजा विहिरीवरच होती. बातमी तिच्यापर्यंत आमच्या आधी पोचली होती.

ती म्हणाली, "पंत, गोड हाये म्हून आमच्या दारी कवा कोनी आलं नाई. आता गोड हाये म्हून सरकार येऊन राह्यलं. तुमी काय लिवनार?"

"जे जिभेले लागन ते," पंत म्हणाले.

"मंग आमी गेलोच."

तिने पोहरा शेंदला. पंतांनी ओंजळ पुढे केली, घोट घेतला, डोळे मिटले. मी आजवर त्यांना इतका वेळ घोट धरून ठेवलेला पाहिला नव्हता. मला ठाऊक होते, त्या वेळी त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे कोण असणार. खरा निकाल लिहिला तर तिच्या दाराशी रोज घागर येणार होती, मोहोर नको, लपवाछपवी नको, आणि सरकारशी बेइमानीही नको. सगळे एका शब्दावर.

या वेळी ते थुंकले नाहीत. गिळले. आणि मला म्हणाले, "लिही. खारे."

मी लेखणी थांबवली. तासाभरापूर्वीच मी त्या विहिरीचे पाणी पोटभर प्यालो होतो. "पंत, गोड आहे."

"तुझी जीभ सरकारी आहे का?"

"नाही."

"मग लिही. खारे. यंत्रास निरुपयोगी."

खोटे कोणत्याही कारणासाठी वाईटच, असे मी वाचले होते आणि तसे लिहीतही असे. मी तो शब्द स्वच्छ अक्षरात लिहिला. तो आजही तसाच असेल, आणि मी तो पुन्हा तसाच लिहीन.

बायजेला वाचता येत नसले तरी ऐकता येत होते. तिने घागर भरून पंतांच्या पायाशी ठेवली आणि बाजूला झाली.

पुढचे थोडक्यात सांगतो. यंत्र दुसऱ्या गावी गेले. पंतांनी अमरावतीला परतताच नोकरी सोडली. तापाने चव गेली, असे साहेबाला कळवले. मला म्हणाले, "एक निकाल खोटा दिला की बाकीचे खरे कोणी का मानावे? मी तरी मानीन का?" लढाई संपली, कापूस पडला, आडत्याचे दुमजली घर विकले गेले, आणि बाजारातली माणसे म्हणू लागली की नारोपंतांना हे आधीच कळले होते. पंत आता कोणाच्याही घरी दिलेले पाणी निमूट पितात. लोकांना त्याचीच भीती वाटते.

पण टाकळीचा तो दिवस अजून पुरा झाला नव्हता. विहिरीवरून आम्ही ती घागर घेऊन कुळकर्ण्यांकडे गेलो. व्याही शेतावर गेले होते. सरू दारात आली. पंतांनी घागर ओसरीवर ठेवली आणि मोहोर लावायचे विसरले, किंवा लावली नाही.

"पाहणी संपली," ते म्हणाले. "उद्या तळ हलतो."

"मग नमुने?"

"नमुने कशाचे आता."

तिने मान हलवली. पंत खांबाला टेकून अंगणातल्या उन्हाकडे पाहत होते.

मग सरूच म्हणाली, "बाबा, बायजेची विहीर राहिली ना त्यांच्याकडं?"

पंतांनी तिच्याकडे वळून पाहिले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपण मुलीला न सांगता बाटवले, हे ओझे त्यांनी किती दिवस वाहिले असेल कोण जाणे. प्रायश्चित्ताच्या सभेत त्यांनी स्वतःसाठी तोंड उघडले होते, पण या गोष्टीचा उच्चार त्यांनी माझ्यापाशीही कधी केला नव्हता.

"तुले कोणी सांगितलं?"

"ती सरपण घेऊन येते ना अंगणाबाहेर. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, तुमच्या बावाले आमची इहीर लई आवडते." ती किंचित हसली. "डोंगराचं पाणी म्हणे. डोंगर किती लांब आहे, मला ठाऊक नाही का?"

"अन् तरी प्यालीस?"

"तहान लागली होती," ती म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "तुम्ही आणलं होतं."

पंत उठले. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काढायचे त्यांना भान राहिले नाही. शेवटी तिनेच हळूच त्यांचा हात डोक्यावरून उतरवला आणि घागर उचलून आत गेली.

तळाकडे परतताना गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. बैल चालू लागले. मी काही बोलणार होतो, पण पंतांनी पंचा डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून घेतला आणि गाडीवानाला सांगितले, "सावकाश हाक रे. ऊन लागून राहिलं."

ऊन आमच्या पाठीमागे होते.